पित्ताची गोळी

दिवाळीचा फराळ डब्यांतून बाहेर आला की दोन दिवसांच्या आत घरोघर एक शब्द ऐकू येऊ लागतो. तो शब्द म्हणजे पित्त. चकलीच्या तळणाने पित्त होते, बेसनाच्या लाडवाने होते, पहाटे उपाशीपोटी घेतलेल्या चहाने होते आणि पाहुण्यांबरोबर रात्र जागवली म्हणजे तर होतेच होते. आमच्या ऐरोलीत सेक्टरागणिक औषधांची दुकाने आहेत. भाऊबिजेच्या संध्याकाळी त्यांतल्या एखाद्यापाशी घटकाभर उभे राहावे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणारे थोडे आणि 'एक पित्ताची गोळी द्या' म्हणणारे पुष्कळ, असा देखावा दिसतो. दुकानदार कोणते पित्त, कसले पित्त, हे विचारीत नाही. त्याचा हात मागच्या फळीवर जातो आणि गोळ्यांची पट्टी पुढे येते.

या गोळीचा इतिहास मोठा नवलाचा आहे, आणि मराठी माणसाला तो त्याच्या भाषेतील या एका शब्दापासूनच सांगता येतो. कारण आपण पित्त हा शब्द दोन अगदी वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर, डोके दुखून शेवटी उलटी, हे एक पित्त. आणि अंगावर लाल गांधी उठतात, खाजवून जीव नकोसा होतो, तेही पित्तच. दोन्हींवर आजीचा उपाय एकच, आमसूल. पहिल्यात आमसुलाचे पाणी पोटात घ्यायचे, दुसऱ्यात तेच पाणी अंगाला चोळायचे. डॉक्टर या घोळाला हसतात. खरे पित्त यकृतात होते, ते हिरवट पिवळे आणि कडू असते. छातीत जळते ते पित्त नव्हेच, जठरातले आम्ल, असे ते सांगतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही आजीने एका गाठीत बांधलेल्या या दोन दुखण्यांत एक धागा खरोखरच समान निघाला, आणि तो सापडायला १९७२ साल उजाडावे लागले. त्याची हकीगत पुढे येईल.

आपल्या वैद्यांनी या दुखण्याला अम्लपित्त म्हटले. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत त्याला स्वतंत्र प्रकरण नाही. ते आहे काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदानात. माधवाने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. जेवल्यावर नव्हे, तर जेवलेले अन्न पचत आले म्हणजे उठणारा जो पोटशूळ, त्याला त्याने परिणामशूल असे वेगळे नाव दिले. आज ज्याला आपण अल्सर म्हणतो, त्यातला लहान आतड्याच्या तोंडाशी होणारा व्रण नेमका असाच दुखतो. पोट रिकामे झाले की कळ येते, चार घास पोटात गेले की थांबते. दुर्बीण नाही, क्ष-किरण नाहीत, केवळ रोग्याला 'केव्हा दुखते?' असे विचारून हे वर्गीकरण झाले, याचे मला फार कौतुक वाटते.

काश्यपसंहितेतले एक विधान तर आम्हा ऐरोलीकरांनी चौकटीत लावून ठेवावे असे आहे. अम्लपित्त हा रोग बहुधा आनूप देशात, म्हणजे पाणथळ, दलदलीच्या मुलखात होतो, असे ती संहिता सांगते. आणि औषधाने तो हटला नाही तर रोग्याने देशांतर करावे, असा सल्लाही देते. ऐरोली हा नमुन्याचा आनूप देश. एका अंगाला ठाण्याची खाडी, तिच्या काठाला कांदळवन आणि चिखलात चरणारे रोहित पक्षी. नवी मुंबई वसण्यापूर्वी येथे आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनीवर क्रमांक पडले आणि मग साताऱ्याकडची, घाटावरच्या कोरड्या मुलखातली माणसे पोटासाठी येथे राहायला आली. ऋषींनी सांगितलेले देशांतर त्यांनी बरोबर उलट्या दिशेने केले!

वैद्यांच्या औषधांत शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ, मौक्तिक ही मंडळी अग्रभागी दिसतात. शंख, कवडी, पोवळे, मोती. चारही समुद्रातून आलेली आणि मुळात एकाच द्रव्याची बनलेली. रसायनशास्त्रात त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. खडकातला चुनखडा तो हाच. आम्लाला चुना भेटला की आम्लाची धार जाते. आजही दुकानात चघळायच्या ज्या आम्लनाशक गोळ्या मिळतात त्यांतल्या कितीएकांत हाच चुना गोड चवीत बसवलेला असतो. म्हणजे गोळीची पहिली पिढी आपल्या घरात शतकानुशतके होती. फक्त ती कोणाशी लढते आहे, हे ठाऊक नव्हते.

ते ठाऊक झाले १८२३ साली. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टराने जठरातला रस तपासून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. कारखान्यात लोखंडावरचा गंज काढायला वापरतात ते हे आम्ल माणसाच्या पोटात तयार होते, हे ऐकून त्या काळच्या लोकांना काय वाटले असेल! त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर एका तरुण नावाड्याला, अलेक्सिस सेंट मार्टिन त्याचे नाव, चुकून बंदुकीचा बार लागला. माणूस वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँटने पुढे काही वर्षे त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे आणि भाकरीचे तुकडे आत सोडून, वेळ मोजून बाहेर काढून, पचन प्रत्यक्ष पाहिले आणि १८३३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. सेंट मार्टिन या प्रकाराला कंटाळून अधूनमधून निघून जाई. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही गेलो असतो.

जठर दिवसाकाठी दीड-दोन लिटर रस पाझरते. मांस विरघळवणारा हा रस जठराला का विरघळवीत नाही? आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो आणि त्या लेपात खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार झिरपत असतो. आम्ल त्वचेपर्यंत पोचण्याआधीच निवते. हा लेप कोठे फाटला की तेथे आम्ल चरते आणि व्रण पडतो. आम्ल नसेल तर व्रणही नाही, अशा अर्थाचे सूत्र कार्ल श्वार्त्स या शल्यचिकित्सकाने १९१० साली मांडले आणि पुढची सत्तर वर्षे वैद्यकाने तेच प्रमाण मानले. लेप कशाने फाटतो, हा प्रश्न मागे राहिला. आम्ल मारा, एवढा एकच मंत्र झाला.

आम्ल मारायचे तर सोपा उपाय खाण्याचा सोडा. वर्गात मी सोड्यावर लिंबू पिळून दाखवतो तेव्हा फसफस होऊन फेस वर येतो आणि मुले हसतात. पोटातही तेच होते, आणि मग येणाऱ्या ढेकरेला आपण 'बरे वाटले' म्हणतो. इनोची पूड म्हणजे हाच प्रकार, थोडा सुधारून. पण सोड्याचा अंमल अर्धा-पाऊण तास. म्हणून मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे क्षार आले. मॅग्नेशियमने पोट सुटते, ॲल्युमिनियमने बांधते. दोघांना एका बाटलीत कोंडले की भांडण मिटते. गुलाबी नाहीतर पांढरे, पुदिन्याच्या वासाचे, हलवून घ्यायचे औषध आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी आलेले असते, ते हे.

शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी या डॉक्टराने १९१५ साली यावर कळस चढवला. दर तासाला दूध आणि साय, मधल्या वेळात क्षारांच्या पुड्या, असा दिवसभराचा कार्यक्रम त्याने अल्सरच्या रोग्यांना आखून दिला आणि तो जगभर पसरला. दुधाने तात्पुरते बरे वाटते हे खरे, परंतु दुधातली प्रथिने आणि चुना काही वेळाने जठराला अधिकच आम्ल सोडायला लावतात, हे पुढे कळले. काही रोग्यांच्या रक्तात इतका चुना साठला की मूत्रपिंडे बिघडली. तरीही 'अल्सर आहे ना, मग थंड दूध प्या' हा सल्ला हिंडत राहिला. आमच्या इमारतीच्या जिन्यात तो अजून ऐकू येतो.

माझे एक मामा या सल्ल्यावर सहा वर्षे जगले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात ते तीन पाळ्यांत काम करीत. तिशीत पोट दुखू लागले. रात्री दोन वाजता कळ येई, बिस्कीट खाल्ले की जाई. माधवाचा परिणामशूल जसाच्या तसा. कोणी म्हणे पाळ्यांमुळे, कोणी म्हणे विडीमुळे, कोणी म्हणे माणूस सगळे मनाला लावून घेतो म्हणून. आणि या सर्वांहून अधिक दोष आला तो मामीच्या माथी. मामी कोल्हापूरकडची. तिच्या हातच्या तिखटाने नवऱ्याच्या पोटाला भोक पाडले, हे आमच्या आजोळी इतक्यांदा बोलले गेले की ती वस्तुस्थितीच होऊन बसली. मामीने पाटा-वरवंटा उचलून माळ्यावर टाकला. पुढे तीस वर्षे त्या घरात फिके अन्न शिजले. मुलांना, तिला स्वतःला, पाहुण्यांनासुद्धा.

१९७५ साली मामांना रक्ताची उलटी झाली आणि मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागली. त्या काळी तीच रीत होती. जठराला आम्ल सोडण्याचा हुकूम नेणारी मज्जातंतूची दोरी कापायची, आणि जठराला खाली नवी वाट काढून आतड्याशी जोडायचे. जीव वाचे, व्रण भरे. पण जठराचे दार मोडलेले असे. अन्न आतड्यात एकदम कोसळे. मी पाहिलेले मामा हे त्यानंतरचे. जेवण झाले की दहा मिनिटांत त्यांना घाम फुटे, छाती धडधडे, आडवे व्हावे लागे. दिवाळीत बेसनाचा एक लाडू ते सुरीने चार तुकडे करून दिवसभरात संपवीत. आम्हा मुलांना त्याची मोठी मौज वाटे.

त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने, १९७६च्या नोव्हेंबरात, ब्रिटनमध्ये एक गोळी बाजारात आली. सिमेटिडीन तिचे नाव. तिने अल्सरच्या शस्त्रक्रिया बघता बघता मोडीत काढल्या. ती कशी सापडली हे सांगायचे तर आता आजीच्या गाठीकडे वळले पाहिजे.

अंगावर गांधी उठतात त्या हिस्टामीन नावाच्या द्रव्यामुळे. कातडीखालच्या काही पेशींतून ते सुटते आणि जागा लाल होऊन सुजते, खाजते. १९१६ साली पोलंडच्या लिऑन पोपिएल्स्की या शास्त्रज्ञाने हेच हिस्टामीन कुत्र्याला टोचून पाहिले, तो जठरातून आम्लाचा पाझर सुरू झाला. म्हणजे अंगावरचे पित्त आणि पोटातले पित्त, दोघांच्या मागे एकच चिथावणीखोर! मग हिस्टामीनविरोधी औषध शोधले की दोन्ही पित्ते एकदम शमायला हवीत. दानिएल बोवे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॅरिसमध्ये तसे पहिले द्रव्य मिळवले. त्या घराण्यातल्या गोळ्या आपण सर्दी-खाजेसाठी आजही घेतो. त्यांनी गांधी बसतात, नाक थांबते. पण पोटातल्या आम्लावर त्यांचा काडीचा परिणाम होत नव्हता. का होत नाही, हे कोडे पुढे तीस-पस्तीस वर्षे पडून राहिले.

जेम्स ब्लॅक हा स्कॉटलंडचा डॉक्टर. हृदयाची धडधड कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध त्याने आधीच दिले होते. ते शोधताना त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. शरीरातले एकच द्रव्य निरनिराळ्या पेशींवर निरनिराळ्या कुलपांत किल्ली फिरवते. एक कुलूप बंद केले म्हणून दुसरे बंद होत नाही. कातडीतले हिस्टामीनचे कुलूप निराळे आणि जठरातले निराळे असणार, असे त्याने धरून चालले. १९६४ साली स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या इंग्लंडमधील प्रयोगशाळेत त्याने काम सुरू केले. पद्धत सरळ होती. हिस्टामीनचाच रेणू घ्यायचा आणि त्याची शेपटी थोडी थोडी बदलीत जायची, म्हणजे किल्ली कुलपात शिरेल पण फिरणार नाही. रसायनज्ञ रेणू घडवीत होते, ब्लॅकची मंडळी ते उंदरांच्या जठरावर तपासीत होती, आणि पहिली चार वर्षे हाती काही लागले नाही. वरिष्ठांचा धीर सुटत चालला होता. अखेर १९७२ साली बुरीमामाइड हे द्रव्य जाहीर झाले आणि दुसरे कुलूप खरोखर आहे हे सिद्ध झाले. मात्र ते तोंडाने घेऊन लागू पडत नव्हते. पुढचे मेटियामाइड लागू पडे, पण काही रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने घटल्या. त्यातला दोष देणारा अणुसमूह बदलून तिसरे केले, ते सिमेटिडीन. १९८८ साली ब्लॅकला नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराला हुकूम तीन वाटांनी येतो. एक मज्जातंतूंतून, एक रक्तातल्या गॅस्ट्रिन नावाच्या रसातून आणि एक शेजारच्या पेशींनी सोडलेल्या हिस्टामीनमधून. मामांच्या पोटात शल्यकाने सुरीने पहिली वाट तोडली. सिमेटिडीनने तिसरी वाट गोळीने बंद केली, तीही माणसाला हात न लावता. चार ते सहा आठवड्यांत बहुतेकांचे व्रण भरून येत.

१९८१ साली ग्लॅक्सो कंपनीने त्याच घराण्यातले रॅनिटिडीन आणले. ते अधिक जोरकस, आणि इतर औषधांच्या वाटेत कमी येणारे. त्या दशकाच्या अखेरीस जगात सर्वांत जास्त विकले जाणारे औषध तेच होते. आपल्याकडे ते घरोघर पोचले, त्याला मात्र वेगळे कारण आहे, आणि ते आमच्या रस्त्याशी संबंधित आहे.

इंग्रजी अमदानीत १९११ साली झालेल्या पेटंटच्या कायद्याप्रमाणे एखाद्या औषधाचा हक्क परदेशी कंपनीने घेतला की ते दुसऱ्या कोणी कोणत्याही रीतीने करायचे नाही, असा दंडक होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली याविषयी अहवाल दिला. त्यातून १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या बाबतीत या कायद्याने हक्क दिला तो केवळ कृतीचा, वस्तूचा नव्हे. पुरणपोळीवर कोणाची मालकी नाही, फक्त तुमच्या पद्धतीने कोणी लाटायची नाही, असे समजा. तेच रॅनिटिडीन आपल्या रसायनज्ञांनी दुसऱ्या वाटेने करायला घेतले आणि ते कायदेशीर ठरले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने खाडीच्या या अंगाला, दिघ्यापासून खाली नेरूळपर्यंत जो औद्योगिक पट्टा वसवला त्यात रसायनांचे आणि औषधांचे अनेक कारखाने उभे राहिले. फायझरचा मोठा कारखाना याच रस्त्यावर तुर्भ्याला होता. २००५ साली वस्तूचा हक्क पुन्हा आला. परंतु मधल्या तेहतीस वर्षांत हिंदुस्थान स्वस्त औषधांचा देश होऊन बसला होता. आमच्या रस्त्यावरचे कितीएक कारखाने आता गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि तेथे संगणकावर रात्रपाळी चालते. पाळी मात्र राहिलीच.

रॅनिटिडीनचा शेवट चमत्कारिक झाला. ते साठवणीत हळूहळू मोडते आणि त्यातून कर्करोगाला कारण होऊ शकणारे द्रव्य तयार होते, असे २०१९ साली निघाले. अमेरिकेने २०२० साली ते बाजारातून काढायला लावले आणि भारताने २०२२ साली आवश्यक औषधांच्या यादीतून वगळले. तोपर्यंत त्याची गादी दुसऱ्या घराण्याने घेतलीही होती.

हे घराणे स्वीडनचे. हुकूम कोणत्याही वाटेने येवो, शेवटी आम्ल बाहेर टाकायला पेशीच्या भिंतीत एक पंप असतो; तोच बंद केला तर? हॅस्ले कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७९ साली ओमेप्राझोल तयार केले आणि १९८८ साली ते विकायला आले. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सारी त्याची भावंडे. याची चाल फार हुशारीची आहे. गोळीवर आम्लात न विरघळणारे कवच असते; ती जठरातून तशीच पुढे सरकते, आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून फिरून जठराच्या पेशीकडे मागच्या दाराने येते. तोवर ती निरुपद्रवी असते. जेथे आम्ल तयार होत असते तेथेच ती जागी होते आणि पंपाला कायमची चिकटते. पेशीला नवे पंप घडवावे लागतात, त्याला दिवस जातो. म्हणून ही गोळी दिवसातून एकदा पुरते, चावून खायची नसते, आणि जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवणामुळे पंप चालू होतात त्या वेळी ती रक्तात हजर हवी. फराळ चेपून झाल्यावर ढेकर देत घेतलेली गोळी निम्मी वाया जाते, हे दुकानदार सांगत नाही.

येथवर वैद्यक श्वार्त्सच्या सूत्राबाहेर गेले नव्हते. आम्ल बंद केले की व्रण भरे, गोळी थांबवली की वर्षभरात बहुतेकांना पुन्हा होई. मग पुन्हा गोळी. विकणाऱ्यांना यात वाईट काही दिसले नाही.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन हा विकृतितज्ज्ञ होता. १९७९ साली जठराच्या तुकड्यांत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी जंतू दिसले. जठराच्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असे तेव्हा सारेच मानीत. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. जंतू काचेच्या बशीत वाढेनात. दोन दिवस वाट पाहून बशा टाकून देत. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे त्या तशाच राहिल्या आणि सुटीनंतर पाहतात तो जंतूंची वस्ती वाढलेली! कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शलने आधी स्वतःचे जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग तो जंतूंचा रस स्वतःच प्याला. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीने तपासले तेव्हा जठर सुजलेले आढळले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे आजचे नाव. हा जंतू आम्लात जगतो कसा? तो आपल्याभोवती अमोनिया निर्माण करून आम्ल मारतो. म्हणजे वैद्यांनी शंख भाजून जे केले तेच तो आपल्यापुरते करीत होता, आणि लेप फाडीत होता. १९९४ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने मान्य केले की ज्यांच्यात हा जंतू आहे त्या अल्सरच्या रोग्यांना जंतुनाशके द्यावी. दहा ते चौदा दिवस, दोन जंतुनाशके आणि सोबत पंप बंद करणारी गोळी. बहुतेकांना अल्सर पुन्हा होत नाही.

२००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी ती मामीला वाचून दाखवली. मामा जाऊन तीन वर्षे झाली होती. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझी चटणी नव्हती तर." मामांच्या पोटात तो जंतू होता की नाही हे कोणी पाहिले नव्हते, पाहण्याची सोयही तेव्हा नव्हती, आणि विडीने व्रण भरायला वेळ लागतो हेही खरे आहे. पण तिखटाने अल्सर होत नाही, याविषयी आता शंका उरलेली नाही. झालेल्या व्रणावर ते झोंबते, एवढेच. मी तिला हे सांगितले. पाटा माळ्यावरून उतरला नाही. तोपर्यंत तिच्या हातांत वाटण्याचा जोर राहिला नव्हता.

काश्यपाच्या आनूप देशाचे मात्र काय? त्यालाही एक पुरवणी आहे. फ्रँक टोवी या इंग्रज शल्यचिकित्सकाने म्हैसूरला काम करताना हिंदुस्थानभरच्या अल्सरची पाहणी केली. भात खाणाऱ्या दक्षिणेत आणि ओल्या मुलखात हा रोग जास्त, गहू खाणाऱ्या कोरड्या वायव्येकडे कमी, असे त्याला आढळले. १९७९ साली त्याने ते प्रसिद्ध केले. जंतू तर दोन्हीकडे भरपूर आहे. आपल्या देशात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांत तो वस्तीला असतो आणि अल्सर होतो त्यांतल्या थोड्यांनाच. म्हणजे जंतूशिवाय मुलूख आणि ताट यांचेही काहीतरी देणेघेणे आहेच.

जंतूखालोखाल अल्सरचे मोठे कारण आज दुकानातच मिळते. गुडघेदुखी-कंबरदुखीवरच्या ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या ज्या द्रव्याला अडवून वेदना थांबवतात, तेच द्रव्य जठराचा लेप राखीत असते. जॉन व्हेनने १९७१ साली ही यंत्रणा उकलली. म्हाताऱ्या माणसांनी या गोळ्या रोज, तेही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे, वजन उतरणे, घास अडकणे, यांवर पित्ताची गोळी घेत बसायचे नसते. आणि घाम फुटून छाती दाटली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ते पित्त समजू नये. तडक रुग्णालय गाठावे.

अल्सर आता मागे हटत आहे. दुकानात पट्टी मागणारे बहुतेकजण निराळ्याच दुखण्याचे असतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, आणि आम्ल वर येऊन घशाशी जळते. पुष्कळदा यात आम्ल जास्त झालेले नसतेच, ते नको तेथे गेलेले असते. गोळी त्याची धार काढते, झडप आवळीत नाही. झडपेला बरे वाटते ते पोटावरची चरबी उतरल्याने, निजण्याआधी तीन तास जेवण उरकल्याने, डाव्या कुशीवर झोपल्याने, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली वीतभर उंचीच्या विटा ठेवल्याने. शेवटचा उपाय आमच्या इमारतीत मी दोघा-तिघांना सांगितला. ते म्हणाले, गुरुजी, आमच्या दिवाणाला पायच नाहीत, खाली नुसती पेटी आहे. एकाने सुताराकडून सबंध बिछान्याच्या रुंदीची उतरती फळी करून घेतली आहे. रात्रपाळीहून सकाळी सातला येतो, थोडेसे खातो, दहापर्यंत जागा राहतो आणि मग त्या फळीवर निजतो.